पायाच्या खड्ड्यातले पाणी आणि आपले आरोग्य

घर बांधायला काढले की घरातली मंडळी सिमेंटचा भाव, वाळूचा दर्जा आणि गवंड्याची मजुरी यांची चौकशी बारकाईने करतात. पायाच्या खड्ड्यात पाणी लागले, तर मात्र 'ठेकेदार बघून घेईल' म्हणून तो विषय तिथेच सोडला जातो. ठेकेदारही बहुधा एक पंप आणून लावतो, पाणी शेजारच्या रस्त्यावर सोडतो आणि काम उरकतो. या पाण्याचा आरोग्याशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध फार जवळचा आहे. साचलेल्या पाण्यातून हिवताप आणि डेंग्यू येतो. तेच पाणी उपसताना इंजिनचा धूर आणि विजेचा धक्का माणसे मारतो. उपसा चुकीच्या पद्धतीने केला, तर खड्ड्याच्या कडा ढासळून खाली उतरलेले मजूर गाडले जातात. म्हणून आज हा विषय थोडा सविस्तर पाहू.

हे पाणी येते कोठून?

बांधकामाच्या जागी पाणी तीन वाटांनी येते. पहिली वाट पावसाची. खड्डा हा आसपासच्या जमिनीपेक्षा खोल असल्याने चहूकडचे पाणी वाहत त्यातच येते. दुसरी वाट जमिनीखालची. आपल्या दख्खनच्या पठारावर वर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ अशी रचना बहुतेक ठिकाणी असते. पावसाचे पाणी मातीतून मुरते, कातळाशी अडते आणि मुरमाच्या थरातून आडवे वाहू लागते. पायाचा खड्डा या थरापर्यंत गेला की कडेने पाझर सुटतात. म्हणूनच पावसाळा संपून महिना-दोन महिने झाले तरी खड्ड्यात सकाळी पुन्हा पाणी दिसते. तिसरी वाट आपण स्वतः केलेली. काँक्रीटवर मारलेले पाणी, स्लॅबवर बांधलेली आळी, विटा भिजवण्याचे हौद, पाणी साठवलेली पिंपे, गळके नळ हे सारे या वाटेत मोडते.

तिन्ही पाण्यांवर उपाय वेगळा आहे. पावसाचे पाणी खड्ड्यात येऊच द्यायचे नाही. पाझराचे पाणी सतत उपसायचे. साठवलेले पाणी झाकायचे किंवा आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करायचे.

हिवतापाचा शहरी डास

हिवताप डासामुळे पसरतो, हे सर रोनाल्ड रॉस यांनी आपल्याच देशात, सिकंदराबाद येथे, २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहून दाखवून दिले. पुढे १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण सगळेच डास हिवताप पसरवत नाहीत. हे काम अॅनॉफिलिस जातीच्या काही मोजक्या प्रकारांची मादी करते. शहरात हिवताप पसरवणाऱ्या डासाचे नाव अॅनॉफिलिस स्टीफेन्सी. या डासाचे पहिले शास्त्रीय वर्णन डॉ. लिस्टन यांनी १९०१ साली केले आणि त्यासाठी वापरलेला नमुना होता एलिचपूरचा, म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या आजच्या अचलपूरचा. तेव्हा हा डास आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे.

या डासाची आवड वेगळी आहे. गटारीच्या घाण पाण्यात वाढतो तो बहुधा क्युलेक्स, म्हणजे हत्तीरोगाचा डास. स्टीफेन्सीला त्यापेक्षा स्वच्छ पाणी लागते. विहीर, गच्चीवरची उघडी टाकी, कारंज्याचा हौद आणि बांधकामावर साठलेले पाणी या त्याच्या हक्काच्या जागा. लिफ्टसाठी खणलेला खड्डा, तळघरात झिरपलेले पाणी, स्लॅबवरची आळी यांत तो सुखाने वाढतो. डेंग्यूचा एडिस डास तर याहूनही थोड्या पाण्यावर भागवतो. रंगाचा रिकामा डबा, सिमेंट कालवण्याचे घमेले, ताडपत्रीच्या घडीत साचलेले पेलाभर पाणीही त्याला पुरते.

आता हिशेब पाहा. आपल्याकडच्या उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून डास हा सारा प्रवास पाण्यातच होतो. म्हणजे सात दिवसांच्या आत पाणी काढून टाकले, तर त्या पाण्यातला एकही डास उडू शकत नाही. आरोग्य खाते आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगते, त्यामागे हेच साधे गणित आहे. दहा दिवसांनी एकदा साफसफाई केली तर ती वाया गेली म्हणून समजा. एडिसची अंडी मात्र कोरड्या भांड्याच्या कडेला चिकटून कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी मिळताच फुटतात. म्हणून पिंपे नुसती उपडी करून भागत नाही. आतल्या कडा घासून काढाव्या लागतात.

बांधकामावर हिवताप लवकर पसरतो याला आणखी एक कारण आहे. तिथे परगावचे मजूर येतात. काहींच्या रक्तात आधीपासून जंतू असतात. ते उघड्यावर किंवा पत्र्याच्या खोपटात, मच्छरदाणीशिवाय झोपतात. शेजारच्याच खड्ड्यात डास तयार होत असतो. डास रुग्णाला चावतो, जंतू डासाच्या शरीरात दहा-बारा दिवस वाढतात आणि मग तो डास मजुराच्या मुलाला चावतो, तसाच समोरच्या बंगल्यातल्या आजोबांनाही चावतो. यात मजुरांना दोष देण्याचे कारण नाही. सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त भोगतात ते तेच. दोष साचलेल्या पाण्याचा आणि ते तसेच राहू देणाऱ्यांचा आहे.

पनामाचा धडा

खोदकाम, पाणी आणि रोगराई यांचा संबंध जगाला पनामाच्या कालव्याने शिकवला. १८८१ साली फ्रेंच कंपनीने तिथे खोदकाम सुरू केले. हिवताप आणि पीतज्वर या दोन रोगांनी मजुरांचा असा फडशा पाडला की त्या काळात वीस हजारांहून अधिक माणसे दगावली असावीत, असा अंदाज आहे. गंमत नव्हे, पण दैवदुर्विलास असा, की तिथल्या इस्पितळात मुंग्या चढू नयेत म्हणून पलंगाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत आणि त्याच वाट्यांत डास वाढत. रोगी बरा होण्यासाठी इस्पितळात येई आणि तिथून नवा रोग घेई. १८८९ साली ती कंपनी बुडाली.

१९०४ साली अमेरिकेने काम हाती घेतले, तेव्हा डॉ. विल्यम गोरगस यांच्याकडे आरोग्याची जबाबदारी होती. डास रोग पसरवतो हे तोवर सिद्ध झाले होते. त्यांनी चर खणून डबकी वाहती केली, खड्डे बुजवले, पाण्यावर तेल फवारले, घरांना जाळ्या बसवल्या. पीतज्वर दोन-तीन वर्षांत हटला, हिवताप पुष्कळ कमी झाला आणि १९१४ साली कालवा खुला झाला. तेव्हा ना डेंग्यूची लस होती, ना आजची औषधे. मुख्य हत्यार एकच होते, आणि ते म्हणजे पाणी साचू न देणे. ते हत्यार आजही बोथट झालेले नाही.

उपसा कसा करावा?

खड्डा खणण्याआधीच त्याच्या भोवती मातीचा हातभर उंच बांध घालावा आणि बाहेरून छोटा चर काढावा. त्यामुळे पावसाचे पाणी बाजूने निघून जाते. हे काम दोन मजुरांचे आणि एका दिवसाचे, पण पुढे पंपाचे कितीतरी डिझेल वाचवते.

खड्ड्याच्या तळाला एका कोपऱ्याकडे थोडा उतार ठेवावा. त्या कोपऱ्यात, कॉलमच्या पायापासून दूर, आणखी दोन-तीन फूट खोल छोटा खड्डा करावा. त्यात भोके पाडलेले पिंप ठेवून भोवती खडी भरावी आणि पंप या पिंपात सोडावा. चहूकडचे पाणी चरातून या पिंपाकडे येते, खडीत माती अडते आणि पंपातून बऱ्यापैकी निवळ पाणी बाहेर पडते. तळ कोरडा राहतो, मजुरांचे पाय कोरडे राहतात आणि काँक्रीटमधला सिमेंटही वाहून जात नाही. ताज्या काँक्रीटच्या अगदी लगत मात्र पंप चालवू नये, कारण तो पाण्याबरोबर सिमेंटही ओढतो.

पंपातून येणाऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवावे. सुरुवातीला ते गढूळ येणारच. पण तास-दोन तासांनंतरही वाळू किंवा माती येतच राहिली, तर आजूबाजूच्या जमिनीखालची माती वाहून येत आहे असे समजावे. ही धोक्याची खूण आहे. अशाने शेजारच्या घराचा पाया खचतो आणि भिंतींना तडे जातात. अशा वेळी उपसा थांबवून जाणत्या अभियंत्याला बोलवावे. नदीकाठच्या वाळूच्या जमिनीत यासाठी निराळी पद्धत वापरतात. खड्ड्याभोवती मीटर-दोन मीटर अंतरावर जाळीचे बारीक पाइप जमिनीत उतरवतात, ते सर्व एका मोठ्या पाइपला जोडतात आणि हवा ओढून घेणाऱ्या पंपाने जमिनीखालची पाण्याची पातळीच पाच-सहा मीटर खाली नेतात. खड्डा मग कोरड्या वाळूत खणता येतो.

उपसलेले पाणी कुठे सोडायचे, हा प्रश्न उरतो. ते रस्त्यावर किंवा शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर सोडले, तर डासांचा पत्ता फक्त बदलतो. शिवाय खड्ड्याजवळच सोडलेले पाणी झिरपून पुन्हा खड्ड्यात येते. आधी एका हौदात पाणी निवळू द्यावे आणि मग नगरपालिकेच्या परवानगीने वाहत्या पावसाळी गटारात सोडावे. तेच पाणी विटा भिजवायला किंवा धूळ बसवायलाही वापरता येते. पिण्याच्या विहिरीत मात्र ते कधीही सोडू नये.

खड्ड्यात इंजिन म्हणजे मृत्यूला आमंत्रण

आता सर्वांत गंभीर मुद्दा. पंप वर ठेवून खालचे पाणी ओढायचे म्हटले तर त्याला मर्यादा आहे. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे तर बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला पाइपमधून वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीला फार तर ३४ फूट पाणी तोलू शकतो. प्रत्यक्षात घर्षण आणि गळती धरून वर ठेवलेला पंप २२ ते २५ फुटांपलीकडे पाणी ओढत नाही. पठारावरच्या गावांत तर त्याहूनही दोन-एक फूट कमीच. विहिरीचे खोदकाम किंवा खोल तळघर या मर्यादेच्या खाली गेले की पंप नुसता घुरघुरतो, पाणी येत नाही. मग कोणीतरी सुचवतो, 'इंजिनच खाली उतरवा.' आणि पेट्रोलचे, रॉकेलचे नाहीतर डिझेलचे इंजिन दोराने विहिरीत सोडले जाते.

इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. पेट्रोल आणि रॉकेलच्या इंजिनात तो विशेष जास्त असतो. या वायूला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन फुप्फुसातून प्राणवायू उचलून शरीरभर पोचवते. कार्बन मोनॉक्साइड या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशे पटींहूनही अधिक घट्ट चिकटतो. म्हणजे हमाल तेवढेच आहेत, पण त्यांच्या डोक्यावर भलतेच ओझे बसले आहे. रक्त फिरत असते, श्वास चालू असतो, तरी मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू मिळत नाही.

आधी डोके दुखते, मग मळमळ, चक्कर आणि पायांतले बळ गेल्यासारखे वाटते. माणसाला ते उन्हाचा किंवा उपाशीपोटाचा परिणाम वाटतो. वर चढून यावे हे कळेपर्यंत हातपाय साथ देत नाहीत. खालचा माणूस हाकेला ओ देत नाही म्हणून दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा उतरतो. एकाच विहिरीत एकाच घरातले दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या अशाच घडतात.

जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. कंदील विझला तर खाली प्राणवायू कमी आहे हे खरे. पण कंदील तेवत राहिला म्हणजे धोका नाही, असे मुळीच नाही. कार्बन मोनॉक्साइड माणसाला मारण्याइतका असला तरी ज्योत जळत राहते. या वायूची परीक्षा कंदिलाने होत नाही.

म्हणून नियम साधा ठेवावा. इंजिन खड्ड्यात, विहिरीत, तळघरात कधीही उतरवू नये. इंजिन वर असले तरी त्याचे धुराडे खड्ड्याच्या तोंडापासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला असावे. खोल पाण्यासाठी सबमर्सिबल पंप वापरावा. तो पाणी ओढत नाही, खालून वर ढकलतो, त्यामुळे त्याला २५ फुटांची मर्यादा लागू होत नाही.

कोणी खाली बेशुद्ध पडलाच, तर मनाला आवर घालून कोणालाही खाली उतरू देऊ नये. इंजिन बंद करावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका आणि सोबत अग्निशमन दल बोलवावे. ब्लोअर किंवा काँप्रेसर असेल तर ताजी हवा खाली सोडावी. त्यासाठी खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला आधीपासूनच दोर बांधलेला असावा आणि त्याचे दुसरे टोक वर दोघांच्या हाती असावे. तो दोर असेल तर बेशुद्ध माणूस कोणी न उतरताही वर काढता येतो. वर काढल्यावर त्याला मोकळ्या हवेत ठेवावे आणि तो शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावेच. प्राणवायू देणे हाच यावर खरा इलाज आहे.

वीज आणि ओले अंग

सबमर्सिबल पंपाने धुराचा धोका जातो, पण विजेचा येतो. कोरडी कातडी विजेला बराच अडथळा करते, ओली कातडी फारच कमी. गुडघाभर पाण्यात उभा असलेला मजूर म्हणजे विजेला जमिनीत जायला तयार वाट. हृदयाची लय बिघडवायला ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह पुरतो. घरातला फ्यूज मात्र कित्येक अँपिअर प्रवाह वाहिल्याशिवाय उडत नाही. फ्यूज तारा वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी आरसीसीबी नावाचे वेगळे यंत्र असते. ३० मिलिअँपिअर गळती होताच ते क्षणार्धात वीज तोडते. पंपाच्या किमतीपुढे त्याची किंमत जास्त नाही. बांधकामाच्या जोडणीवर ते असलेच पाहिजे.

त्याबरोबरच अर्थिंग नीट असावे, वायर अखंड असावी आणि चिकटपट्टी लावलेले जोड पाण्यात बुडलेले नसावेत. पंप वायरीला धरून उचलू नये, त्याला वेगळा दोर बांधावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पंपाला हात लावण्यापूर्वी, तो हलवण्यापूर्वी, त्यात अडकलेला कचरा काढण्यापूर्वी वीज वरून बंद करावी. नुसते बटण बंद करून थांबू नये, पिन काढून ठेवावी.

एखाद्याला धक्का बसला तर आधी मुख्य बटण बंद करावे. त्याशिवाय त्याला किंवा त्या पाण्याला शिवू नये. वीज तुटल्यावर श्वास बंद असेल तर त्याला उताणे निजवून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, सुमारे दोन इंच दबेल असे, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहावे आणि मदत येईपर्यंत थांबू नये.

पाणी गेले, आता कडा सांभाळा

पुष्कळांना वाटते की खड्ड्यातले पाणी जितक्या लवकर काढू तितके बरे. हे नेहमी खरे नसते. चार दिवसांच्या पावसाने खड्डा तुडुंब भरला, तर आतले पाणी कडांना आधार देत असते आणि कडांची माती पाणी पिऊन जड व मऊ झालेली असते. मोठ्या पंपाने दोन तासांत पाणी काढून टाकले की आधार जातो, पण माती ओलीच राहते. अशाच वेळी कड कोसळते. म्हणून भरलेला खड्डा हळूहळू उपसावा, कडांना तडे जातात का ते पाहावे आणि पाणी संपताच मजुरांना लगेच खाली उतरवू नये.

एक घनमीटर माती दीड ते दोन टन भरते. छातीपर्यंत गाडलेला माणूस डोके बाहेर असूनही गुदमरतो, कारण छाती फुगायला जागाच उरत नाही. दीड मीटर, म्हणजे सुमारे पाच फुटांपेक्षा खोल चरात कडांना फळ्या आणि आडव्या टेकूंचा आधार द्यावा किंवा कडा उतरत्या कापाव्यात. काढलेली माती कडेपासून निदान एक मीटर लांब टाकावी. चरात शिडी कायम असावी. काळ्या मातीत तर विशेष जपावे. ती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते आणि मग न सांगता सुटते.

पायांचे हाल

दिवसभर पाण्यात उभे राहणाऱ्या मजुरांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, खाजते, फाटते. या फाटलेल्या कातडीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. हे जंतू उंदरांच्या मुतातून पाण्यात येतात. २००५ सालच्या मुंबईच्या महापुरानंतर या रोगाने बरेच बळी घेतले होते. ताप, डोळ्यांत लाली, पोटऱ्यांत तीव्र दुखणे आणि पुढे कावीळ किंवा लघवी कमी होणे ही त्याची लक्षणे. वेळीच ओळखला तर साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो.

सिमेंट मिसळलेले पाणीही निरुपद्रवी नाही. ते अल्कधर्मी असते आणि चुन्यासारखी कातडी जाळते. दुखत नाही म्हणून मजूर तसाच उभा राहतो आणि संध्याकाळी पायाला जखमा दिसतात. उपाय म्हणजे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, काम संपल्यावर स्वच्छ पाण्याने पाय धुणे आणि बेचक्या कोरड्या करणे. बुटांची एक जोडी ही मजुराची चैन नव्हे, मालकाचे कर्तव्य आहे.

आणि बांधकामावर खेळणारी लेकरे? आई-बाप कामात असतात आणि पाण्याने भरलेला खड्डा मुलाला तळ्यासारखा दिसतो. गढूळ पाण्याची खोली कळत नाही आणि ओल्या कडेवरून पाय सहज घसरतो. लहान मूल ओरडत नाही, हातपायही फारसे मारत नाही, आवाज न होता बुडते. भरलेला खड्डा कुंपणाशिवाय एक रात्रही ठेवू नये. काम बंद पडले असेल तर खड्डा बुजवावा किंवा पक्के कुंपण घालावे.

काही शंका

*स्लॅबवरचे पाणी आठवड्याने काढले तर स्लॅब कच्चा राहील का?*
नाही. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राख किंवा इतर मिश्रण असलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस ओलावा लागतो. दर पाच-सहा दिवसांनी आळी एका बाजूने फोडावीत, पाणी झाडून काढावे आणि लगेच नवे पाणी भरावे. स्लॅब ओला राहतो आणि अळ्या वाहून जातात. कॉलमला ओले गोणपाट गुंडाळले की पाणी साचण्याचा प्रश्नच येत नाही.

*खड्ड्यात जळके ऑइल टाकले तर चालते का?*
तेलाच्या थराने अळ्या गुदमरतात हे खरे, आणि पूर्वी तो सर्रास उपाय होता. पण पायाच्या खड्ड्यातले पाणी जमिनीत मुरून आसपासच्या विहिरी आणि बोअरमध्ये जाते. जळके ऑइल तिथे पोचायला नको. उपसा शक्य नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा नगरपालिकेच्या हिवताप विभागाकडून अळीनाशक औषध घ्यावे. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडणे हाही चांगला उपाय आहे.

*थंडी वाजून ताप आला तर?*
बांधकामाच्या आसपास राहणाऱ्या माणसाला ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. व्हायव्हॅक्स प्रकारच्या हिवतापात क्लोरोक्विनच्या तीन दिवसांनंतर ताप उतरतो, पण जंतू यकृतात दडून राहतात. त्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. ताप गेला म्हणून त्या मध्येच सोडणाऱ्यांनाच काही महिन्यांनी पुन्हा ताप येतो. गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळे यांना हे औषध देत नाहीत आणि काही जणांना आधी रक्ताची वेगळी तपासणी करूनच देतात, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. डेंग्यूची शंका असेल तर अॅस्पिरिन किंवा अंगदुखीच्या इतर गोळ्या घेऊ नयेत. ताप उतरवायला पॅरासिटामॉल पुरेसे आहे.

दर आठवड्याला इतके करा

आठवड्यातला एक वार ठरवून घ्यावा. बाजाराच्या दिवशी मजुरांना सुट्टी असते, तर त्याच्या आदला दिवस सोयीचा. त्या दिवशी मालकाने किंवा मुकादमाने जागेवर एक फेरी मारावी. लिफ्टचा खड्डा, तळघर आणि पायाचे खड्डे उपसले आहेत का? पिंपे आणि हौद घासून पुन्हा भरले आहेत का? रिकामे डबे, टायर, ताडपत्र्या यांत पाणी नाही ना? पंपाची वायर, आरसीसीबी आणि अर्थिंग ठीक आहे ना? कुंपण शाबूत आहे ना? मजुरांच्या खोपटात मच्छरदाण्या आहेत ना? कोणाला ताप आहे का? ही फेरी अर्ध्या तासाची आहे.

२०३० सालापर्यंत देशातून हिवताप हद्दपार करण्याचे उद्दिष्ट सरकारने ठेवले आहे. ते गाठायचे तर फवारणीच्या गाडीची वाट पाहत बसून चालणार नाही. आपल्या गल्लीत बांधकाम चालू असेल आणि आठवडाभर पाणी साचलेले दिसत असेल, तर आधी मालकाला नम्रपणे सांगा आणि तरीही काही हालचाल दिसली नाही तर नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला लेखी कळवा. पाया खणताना आपण नारळ फोडतो, पूजा करतो, ती त्या घरात सुख नांदावे म्हणून. त्याच खड्ड्यातले पाणी वेळेवर आणि रीतीने उपसणे हाही त्या पूजेचाच भाग समजावा.